हडळीच्या पायात माझी चाल

भर दुपार व्हती, पर कॉलेजच्या हॉलात काळोख केलेला. खिडक्यांना काळा कपडा लावलेला. म्होरं भिंतीयेवढा पडदा. त्या पडद्यावर हडळ आली. केस मोकळे, दात भायेर, डोळे पांढरे. पावलं उलटी, टाचा म्होरं. रानातनं वाडीकडं यायला लागली तशी हॉलातली पोरं हसायला लागली. कोनी शिटी मारलीन.

मी हसले नाय. घाबरले बी नाय. मी तिचं चालनं बघत व्हते. डावा पाय टेकायच्या आदी ती जरा थांबायची. मंग कंबर उजवीकडं टाकून पाय वढायची. एक हात मांडीवर. मान खाली, नजर वर. थोडं गेली की ताठ व्हायला बघायची. व्हायची नाय. परत वाकायची.

ती मी व्हते.

तोंड माझं नव्हतं. हात माझे नव्हते. चाल माझी व्हती. आपलं चालनं आपन कवा बघत नाय. मी त्या दिशी बघितलं, आन ते हडळीच्या पायात व्हतं.

पिच्चर संपला, दिवे लागले. सरनं माईक घेतलान. म्हनाला, "या फिल्ममधला वॉक ज्यांच्यावरून घेतलाय, त्या आजी आज इथे आल्यात. आजी, उठा जरा. वर या. एकदा चालून दाखवा सगळ्यांना."

टाळ्या. मागनं कोन तरी वरडला, "आली रे, हडळ आली." परत हसनं. बाजूला माझी नात बसलेली, सुजाता. तिनं माझं कोपर धरलान, हळूच म्हनाली, "जा ना गो आजी. सगळे बघतायत."

सुजाता माझ्या लेकाची पोरगी. लेक महाडच्या एमायडीशीत कंत्राटावर हाय, शिप्टीला. पोरगी ल्हान असल्यापासनं चुलीतल्या कोळशानं भिंती काळ्या करायची. कोंबडी, बकरी, एष्टी, जे दिसंल ते काढायची. म्हनून महाडात हायवेच्या अंगाला आर्ट कॉलेज हाय, तितं घातली. ॲनिमेशन शिकती. ॲनिमेशन म्हंजे चित्राला चालायला लावायचं, असं तिनंच मला सांगितलान. आन त्याच्या जोडीला आजून एक, व्हीएफएक्स. ते म्हंजे नाय ते दाखवायचं. आग नाय तितं आग, पूर नाय तितं पूर. मी म्हनले, "अगो, महाडात पूर दाखवायला शिकायला कशाला पायजे? सावित्री दाखवती की फुकट." तवा लय हसलेली.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. वरची वाडी त्यांची, खालची वाडी आमची, बौद्धांची. मदी वहाळ, म्हंजे ओढा. सुजी सकाळच्या एष्टीनं महाडला जाती, सांजची येती. शेवटच्या वर्साला पोरापोरींनी मिळून एक पिच्चर करायचा असतो, त्याच्यावरच पास-नापास. सुजीच्या गटाचा म्होरक्या ओंकार. वरच्या वाडीतला. त्याच्या आज्याच्या खाचरात मी उभी हयात लावनी केली. माझी कंबर वाकली ती त्यांच्याच चिखलात वाकली. डावा पाय गेला तो बी त्यांचीच लाकडं उतरवताना. पावसात घसरनीवरनं मोळीसकट खाली आले. ते आले, मोळी उचलून घेऊन गेले. मी माझी मी उठले.

ओंकारच्या बापाच्या आता गाड्या हायत. कंपनीत मानसं पोचवतो. माझा लेक त्याच्याच शब्दानं कामाला लागला. हे तो आमाला इसरू देत नाय.

तर एक दिवस सुजी घरी आली आन म्हनाली, "आजी, ओंकारला तुझी वॉक सायकल पायजे."

मी म्हनले, "माझ्याकडं कुठली सायकल? तुझ्या आज्याची व्हती, ती कवाच भंगारात दिली."

हसून हसून खाली बसली. मंग सांगितलान, वॉक सायकल म्हंजे चालनं. एक पाऊल, दुसरं पाऊल, परत पयलं. तेवढं एकदा घेतलं की चित्र चालतच ऱ्हातं, कितीबी लांब. म्हनाली, "तुझी चाल सरांना लय आवडली गो. म्हनाले, अशी चाल बसून बनवता येत नाय. रेफरन्स लागतो."

"सरनं मला कुठं बघितलान?"

"ओंकारनं दाखवलान. मोबाईलवर."

मी रानातनं येत असताना त्यानं कवातरी मागनं काढलेली. मला ठावं नाय. मी इचारलं, "पिच्चर कशाचा हाय?"

"गावातल्या बाईचा," म्हनाली. नजर मोबाईलात.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. म्हनलं, आपल्या चालीचं बी कुनाला काम पडलं.

चाल घ्यायची ठरली ओंकारच्या अंगनात. त्यांचं अंगन मोठं, आता फरशी घातलेली. त्या अंगनाच्या खालच्या कडेला मी किती वर्सं उभी ऱ्हायले. भाकरी मिळायची ती तिथं. पानी मिळायचं ते वरनं, वंजळीत. कडेच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिशी मी धुतलेलं लुगडं नेसले, डोक्याला तेल लावलं, आन त्या अंगनाच्या मदोमद चालले. ह्या टोकाकडनं त्या टोकाकडं. परत हिकडं. पोरं मोबाईल धरून बाजूनं चालत व्हती. "मस्त आजी. परत एकदा. बाजूला बघू नका." मी मनात म्हनत व्हते, पोरगी शिकली तर आपलं पाऊल हितवर आलं.

चालायच्या आदी ओंकारनं सुजीकडं टिकल्यांचं पाकीट दिलान. लाल टिकल्या, मोठ्या. म्हनाला, "सांध्यांवर लाव. खांदा, कोपर, खुबा, गुडघा, घोटा. म्हणजे कॉम्प्युटरवर कळतं कुठं काय वाकतंय." माझा मालक गेल्यापासनं मी टिकली लावली नाय. आमच्यातल्या पोरी म्हनतात, लाव गो आजी, आता कोन मानतंय. तरी मी लावली नाय. ती टिकली माझ्या गुडघ्याला लागली. एक पोरगी म्हनाली, "आजी नटल्या बघ." मी बी हसले.

मंग ओंकार म्हनाला, "आजी, लुगडं वर घ्या. अजून. पाय दिसू दे."

मी घेतलं. लावनीला घेतोच की. पर घेताना वाटलं, हेच अंगन, हेच बोलनं. कवा ऐकलं, ते तवा काय ध्यानात येईना. घरी आले, गुडघ्याच्या टिकल्या काढल्या, भाकऱ्या थापायला बसले. इसरून गेले.

हॉलात ध्यानात आलं. पिच्चरच्या सुरवातीला पडद्यावर अक्षरं आली, ती मी जोडून जोडून वाचीस्तवर गेली. मला तेवढंच येतं. आता दिवे लागल्यावर मी उठंना म्हनून सरनं माईकवर परत सांगितलान, "'खालच्या वाडीची हडळ'! जोरदार टाळ्या होऊ दे."

खालच्या वाडीची हडळ. हे नाव माझं हाय.

सांगते. माझं लगीन होऊन थोडीच वर्सं झालेली. ओंकारची आजी तवा तरनी, आमी तिला काकी म्हनायचो. तिचं तान्हं पोर तापानं गेलं. आदल्या दिशी मी त्यांच्या अंगनाच्या कडेला नाचनी झोडायला गेले व्हते. पोर पडवीतल्या पाळन्यात हसलं, मी त्याच्याकडं बघून हसले. तेवढंच. काकी म्हनाली, हिनं खाल्लं. ही बाई नाय, हडळ हाय. वरच्या वाडीच्या बायका आल्या, शिवायचं नाय म्हनून काठ्यांनी हाकत मला घरनं नेली. त्याच अंगनाच्या कडेला उभी केली. तवा अंगन शेनाचं व्हतं. हडळीचे पाय उलटे असतात म्हनून काकी म्हनाली, "लुगडं वर घे. पाय दाखव."

मी घेतलं. गडीमानसं बी उभी व्हती. एवढ्या सगळ्यांत मी लुगडं वर घेऊन उभी. माझी पावलं सरळ व्हती. सगळ्यांनी बघितलं, सरळ हायत. मला वाटलं सुटले. काकी म्हनाली, "दिवसा सरळ असतात."

  माझा मालक वहाळाच्या पल्याड उभा व्हता, त्याला येऊ दिला नाय.

त्या साली मला कोनी कामाला बोलावलं नाय. पुढल्या साली मानसं कमी पडली, तवा बोलावलं. हडळीनं लावलेला भात घरभर बसून खाल्लानी. पर नाव ऱ्हायलं. वरच्या वाडीत पोर रडलं की म्हनायचे, गप, खालच्या वाडीची हडळ येईल. मी वाटंनं चालले की पोरं दारात पळायची. कोन कोन मागनं माझ्यासारखं वाकून चालून दाखवायची. काकी गेली, पर गोष्ट सांगून गेली. ओंकार तीच ऐकत जेवला, तीच ऐकत झोपला. मोठा झाला, कॉलेजात गेला, आन त्या गोष्टीला चाल पायजे म्हनून माझ्याकडं आला. आन माझ्याच नातीच्या हातानं मला टिकल्या लावल्यान.

मी हॉलात उठले. जागेवरच उभी ऱ्हायले. म्हनले, "मी चालनार नाय."

सर माईकवर हसला. "आजी लाजतायत."

"लाजत नाय. ह्या पोराच्या आजीनं मला हडळ म्हनून उभी केलीवती. माझे पाय बघितलेन. सरळ व्हते. तुमी उलटे केलात."

माईक माझ्याकडं नव्हता. म्होरच्यांनी ऐकलं, मागच्यांनी नाय. मागं हसतच व्हते. सर म्हनाला, "आजी जरा इमोशनल झाल्यात," आन दुसऱ्या कुनाचं नाव घेतलान. पयल्या रांगंत ओंकारचा बाप बसलेला. मान वळवून म्हनाला, "बसव गो तिला, सुजाता." सुजीनं माझा पदर वढलान. "बस ना आजी. माझी इज्जत घालवू नको."

मला भायेर जायचं व्हतं. तिथनं उठून सरळ एष्टी स्टँड गाठायचं व्हतं. पर भायेर जायला चालावं लागनार. मदल्या वाटंनं, सगळ्यांच्या म्होरनं, डावा पाय थांबवत, कंबर टाकत. त्यांना तेच पायजे व्हतं. मी रागानं चालले असते तरी हडळच चालली असती. एवढी वर्सं ह्या पायांनी डोंगर चढले उतरले, मला माझ्या पायाची लाज कवा वाटली नाय. त्या दिशी वाटली. मी बसले. हॉल पुरा रिकामा व्हईस्तवर खुर्ची धरून बसून ऱ्हायले.

त्या खुर्चीत बसून मला कळलं. त्यांनी काय नेलं ते कळलं. काकीनं माझी अब्रू नेली, काम नेलं. पर चालायला येत व्हतं. तिच्या नातवानं चालनं नेलं.

एष्टीत सुजी म्हनाली, "ती खोटी गोष्ट असती आजी. फिक्शन म्हनतात."

"मंग चाल खोटी का नाय घेतलीत?"

तिनं तोंड खिडकीकडं केलान. पोलादपूर यायच्या आदी मी इचारलं, "हडळीचा पिच्चर हाय ते तुला ठावं व्हतं?"

खिडकीतनं बघत म्हनाली, "हडळीचा हाय ते ठावं व्हतं. तुझी गोष्ट हाय ते नव्हतं. तू कवा सांगितलंस?"

"आन माझी चाल तिला लावनार ते?"

"व्हतं."



मंग काय झालं, पिच्चर मुंबईला स्पर्धेला धाडायचा ठरला. मुंबईवाल्यांनी इचारलं, चाल कुनाची, त्या बाईची संमती हाय का, तिच्या तोंडून ऐकू दे. एका सकाळी तिघं आमच्या दारात. सर, ओंकार, आन ओंकारचा बाप. मी पडवीत वाल सोलत व्हते. लेकानं खुर्च्या मांडल्यान. सर बसला. ओंकारचा बाप अंगनातच उभा ऱ्हायला.

"काय गो म्हातारे, एवढा राग? पोरांचा खेळ तो."

सर मऊ बोलला. "आजी, फक्त मोबाईलसमोर म्हणा, मी माझी चाल आनंदाने दिली. एवढं एकच वाक्य."

"आनंदानं दिलीवती. गावातल्या बाईला दिलीवती. हडळीला नाय."

ओंकार हसला. "चाल काय कुणाच्या मालकीची असते का आजी? रस्त्यावर चाललात की सगळ्यांनाच दिसते."

"बघ ना. बघायला कोन नको म्हनतंय. तू बघितलं नायस, उचललंस."

"आम्ही तुम्हाला फेमस करतोय."

"तुझ्या आजीनं कवाच केलीय."

त्याच्या बापाचं तोंड बदललं. म्हनाला, "आमच्या आईचं नाव काढायचं काम नाय. आन लेकाचा बी जरा इचार कर. रोज माझ्याच गाडीत बसून जातो तो."

लेक खाली मान घालून उभा. सर म्हनाला, "सुजाताचंही बघा आजी. शेवटचं वर्ष आहे. फिल्म अडकली तर तिचं वर्ष जाईल."

सुजी दारात व्हती. डोळे भरलेले. "आजी, म्हन ना. एक वाक्य तर हाय."

पोरीचं तोंड बघून माझ्या ओठावर आलंवतं, सांगते. म्हनूया, जाऊ दे, मी अशीबी म्हातारी, कितीसं चालायचं ऱ्हायलंय. मंग तिच्याकडंच बघितलं. ही उद्या मुंबईला जाईल, मोठ्या कंपनीत बसंल, तितंबी कोन तरी हिला म्हनंल, एक वाक्य तर हाय. आन ही म्हनंल.

मी वालाचं सूप बाजूला सारलं. म्हनले, "धर मोबाईल."

ओंकारनं धरलान. सर म्हनाला, "बोला आजी."

मी बोलले. "ही चाल माझी हाय. ह्या हडळीला मी ती दिली नाय. ह्या पोराच्या आजीनं त्याच्या अंगनात माझं लुगडं वर घ्यायला लावून पाय बघितलेन. ह्यानं बी तितंच बघितलान. माझी हरकत हाय."

ओंकारनं मोबाईल खाली केलान. "हे पुसतो मी."

"पुस. परत धरशील तवा परत हेच बोलंन."

त्याचा बाप अंगनात थुकला आन चालू पडला. सर खुर्चीवरनं उठताना सुजीला म्हनाला, "मी काही करू शकत नाही आता." करू शकत व्हता. हडळीची चाल बदलायची व्हती. चित्रच व्हतं ते. त्यांना दुसरं कायबी दाखवता येतं, आग दाखवता येती, पूर दाखवता येतो. पर ओंकार म्हनाला, चाल काढली तर पिच्चरात काय ऱ्हातं.

मुंबईला गेला नाय पिच्चर. पर कॉलेजात पास झाला. ओंकारचा बाप जाऊन भेटून आला. ओंकार पास, बाकीची पोरं पास. सुजीचं नाव तेवढं गटातनं काढलानी, म्हनाले घरच्यांनी सहकार्य केलं नाय. तिला पुढल्या वर्सी एकटीनं परत सगळं करायचं हाय. लेकाला गाडीत घेत नायत, तो एष्टीनं जातो, आर्ध्या शिप्टी चुकतात. सून माझ्याम्होरं ताट ठेवती, बोलत नाय. सुजी म्हनाली, "तुझ्या हट्टापायी झालं हे."

मी म्हनले, "माझ्या हट्टापायी नाय. आन झालं तर झालं. परत कर. तुझ्या हातानं कर. पर कुनाला चालायला लावशील तर त्याला इचार, कशात चालायचं हाय."

  तिला राग हाय तर असू दे. मला बी हाय, तिचा बी हाय.

आता ऐकलंय की शिमग्याला वरच्या वाडीत मैदानात पडदा लावून तो पिच्चर दाखवनार. गावाचा पोरगा, गावाचा पिच्चर. खालच्या वाडीला बी आवतन हाय म्हनं, लांब बसून बघा. लेक म्हनाला, "आये, त्या दिशी तू तुझ्या बहिनीकडं महाडला जा. चार दिवस ऱ्हा."

मी नाय जानार महाडला. मी वर जानार हाय. सगळी जमू देत, काळोख पडू दे, हडळ येऊ दे. मंग मी वहाळ वलांडून वर चढंन, बसलेल्या सगळ्यांच्या मदनं, ह्याच पायांनी, जशी चालते तशी. मला घाई नाय, माझा डावा पाय थांबतो, थांबू दे. पडद्याच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हाईन. पिच्चर माझ्या अंगावर पडंल. बस म्हनतील, बसनार नाय. जा म्हनतील, जानार नाय. मोबाईल काढतील, काढू देत.

मला तिथनं हलवायची तर वरच्या वाडीला माझ्या अंगाला हात लावावा लागंल. लावू देत.